शुक्रवारचे हात

पंचनद राव दिवसातून अकरा वेळा हात धुवत. मी मोजलं होतं, कारण साबण माझ्या स्टोअरमधून जायचा आणि एकाच माणसाला महिन्याला तीन वड्या का लागतात, हे मला वरती सांगावं लागायचं.

"राव, हात झिजतील तुमचे," मी म्हणायची.

ते दहाही बोटं पसरून खिडकीच्या उजेडात धरायचे आणि उलटसुलट करून बघायचे. "झिजूं देत कीं, रुक्मिणीबाई. खालीं हाडं आहेतच."

तंजावूरला वडवार नदीच्या काठी एका धर्मादाय इस्पितळात मी स्टोअर सांभाळते. कापूस, सुया, काचसामान, औषधं. जे माझ्या यादीत नाही ते इस्पितळात नाही, असं डॉक्टरसुद्धा थट्टेने म्हणतात. पंचनद रावांवर लिहायचं ठरवलं तेव्हा मी आधी यादीच केली: त्यांच्या सवयी, त्यांची वाक्यं, घडलेल्या गोष्टी क्रमाने. नऊ कलमं झाली. नवव्यात माझंच नाव आलं, तेव्हा कागद उलटा करून ठेवला. आता तो सरळ करते.

ते आमच्या प्रयोगशाळेत आले ते साखर आणि लघवी तपासायला. शिक्षण त्याहून पुष्कळ मोठं होतं. मद्रासला एका चांगल्या प्रयोगशाळेत होते, तिथली जागा सोडून तिरुवैयारूच्या घरी परतले आणि रोज बसने तंजावूरला येऊ लागले. उंच, किडकिडीत, काठीवर शर्ट वाळत घातल्यासारखे. सकाळी अकरापर्यंत इस्पितळाच्या तपासण्या उरकायचे. त्यानंतर मागची एक खोली मोठ्या डॉक्टरांनी त्यांना वापरायला दिली होती. मोठे डॉक्टर म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. आम्ही सगळे त्यांना तेवढंच म्हणत असू. त्या खोलीत पूर्वी मोडक्या खाटा असत. रावांनी खिडकीच्या काचा कापून आणल्या, त्यांवर हाताने पांढऱ्या पुडीचा लेप दिला, सोडा कारखान्यातून बर्फ आणायचा रोजचा नेम धरला, आणि तिथे माणसाच्या चरबीचं काम सुरू केलं.

"चरबीचंच का, राव?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं. स्वतः वाऱ्याने उडेल असा माणूस आणि हा विषय.

"घरीं या एकदां. अक्काला भेटा," एवढंच म्हणाले.

मी गेले. गोदाक्का तिण्णैवर, म्हणजे घराच्या ओट्यावर, भिंतीला टेकून बसली होती आणि अप्पळ, म्हणजे पापड, लाटत होती. मी इतकं मोठं माणूस पाहिलं नव्हतं. मोठेपण डोळ्यांत भरू नये म्हणून मी तिच्या हातांकडे बघत राहिले. ते हात फार चलाख होते. उडदाच्या पिठाची गोळी घ्यायची, चार फिरक्या, की चंद्रासारखा पातळ अप्पळ.

"बघा, सगळे आधीं हातांकडेच बघतात," ती हसून म्हणाली. "लाज वाटते त्यांस. मला नाहीं वाटत. बसा. पंचू, बाईंस कॉफी आण."

ती पंचनद रावांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. लग्न होऊन ओरत्तनाडूला गेली, आणि तिथे एका मुलाच्या जन्मानंतर तिचं अंग वाढायला लागलं. मूल राहिलं नाही, अंग राहिलं. सासरच्यांनी आधी थट्टा केली, मग भाताच्या भांड्याला कुलूप घातलं. कुलूप घालूनही ती वाढतच राहिली, तेव्हा ती चोरून खाते असं ठरलं. सासू म्हणाली, किल्ली चोरते. एके दिवशी नवऱ्याने तिला गाडीत बसवून तिरुवैयारूला आणून सोडलं. म्हणूनच रावांनी मद्रास सोडलं.

"मी खात होतें का चोरून? तूंच सांग रे," ती मधूनच भावाला विचारायची. अगदी शांतपणे, जणू त्याला खरंच माहीत असेल आणि तिला नसेल.

"नाहीं अक्का."

"पण तुज कसं ठाऊक? तूं तर मद्रासेला होतास."

त्या खोलीतलं सगळं काम या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी होतं, हे मला पुढे कळलं.

बसचा किस्सा आमच्या इस्पितळात सगळ्यांना ठाऊक होता. एकदा डोळे दाखवायला ते तिला बसने घेऊन आले. कंडक्टरने तमिळमध्ये सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "अम्मांना दोन तिकिटं देऊ की तीन?" बस हसली. राव उठले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "तीन द्या. एक त्यांचं, एक माझं, आणि एक तुम्हांला लाज विकत घेण्यासाठी." बस पुन्हा हसली, या वेळी कंडक्टरला. पण गोदाक्काने भावाचा हात दाबून धरला. "कशाला रे? उद्यां तुलाच या बसनें जायचं आहे." त्यानंतर ती बसमध्ये कधी चढली नाही. तिला इस्पितळात आणायचं असे तेव्हा ते बैलगाडी करत.

'लठ्ठ' हा शब्द ते उच्चारत नसत. माझ्या यादीत मी एकदा लिहिला, तर त्यांनी खोडून वर बारीक अक्षरात 'थोर' लिहिलं. पुढे आमच्या सगळ्या कागदांवर दोनच रकाने राहिले: थोर आणि कृश.

त्यांची कल्पना काय होती ते त्यांनी मला समजावलं तेही अप्पळाच्याच पिठावरून. चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एक थेंब आणि त्याभोवती एक पातळ कातडी. ती कातडीसुद्धा चरबीचीच, पण वेगळ्या जातीची. माणूस थोर होतो तेव्हा आतला थेंब फुगतो. मग कातडी ताणते. ती फाटत का नाही?

"अप्पळाचं पीठ घट्ट असलं आणि पातळ लाटायला गेलं तर काय होतं?"

"कडेला चिरतं."

"मग तुम्ही काय करतां?"

"तेलाचा हात लावून पुन्हा कुटते."

"बस्स." त्यांचे डोळे चमकले. "ती पेशीही तेंच करत असणार. तुपासारख्या थिजणाऱ्या चरबीच्या जागीं तेलासारखी मऊ चरबी कातडींत मिसळत असणार. फाटूं नये म्हणून. कळलं का? तें अंग खोटं बोलत नाहीं, रुक्मिणीबाई. तें स्वतःस सांभाळतंय. आणि एकदां कातडी बदलली, कीं तें अंग पहिल्यासारखं राहत नाहीं. मग त्या माणसास जेवणाच्या कुलपानें काय होणार?"

ही पिठाची उपमा सुचवली कोणी, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दुसरं कोण? अक्कानें."

मी विज्ञान शिकलेली नाही. पण एवढी सरळ गोष्ट मला पटली. पटली नसती तर बरं झालं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

त्यांना घाई होती, आणि त्या घाईला कारण होतं. मोठ्या डॉक्टरांनी गोदाक्काला एकदा महिनाभर इस्पितळात ठेवून नुसत्या कांजीवर राखलं होतं. रात्रंदिवस पहारा. वजन उतरलं, पण हिशेबाने जितकं उतरायला हवं होतं तितकं नाही. तिला दोनदा घेरी आली, नाडी मधूनच चुकायला लागली. कागदावर शेरा पडला: रुग्ण सहकार्य करत नाही. राव तो कागद हातात घेऊन माझ्या स्टोअरच्या दारात आले.

"पहारा होता, बाई. खोलीस कडी होती. मग सहकार्य म्हणजे आणखी काय असतं?"

आता दुसरी पाळी येणार होती. परदेशात नवी रीत निघाली होती म्हणे, पूर्ण उपासाची. पाणी, मीठ, जीवनसत्त्वाच्या गोळ्या. बाकी आठवडेच्या आठवडे काही नाही. मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांचा सरळ हिशेब होता. "राव, चरबी म्हणजे भरलेलं कोठार. कोठार भरलेलं असताना कोणी उपाशी मरतं का?"

आणि गोदाक्का तयार होती. ओरत्तनाडूहून नवऱ्याचं पत्र आलं होतं: माणसासारखी झालीस तर ये. ते पत्र तिने देवघरात ठेवलं होतं.

"सर, तिचं हृदय..." राव म्हणाले.

"मग मला काहीतरी दाखवा. तुमची ती कातडी बदलते हे दाखवा. मी दीपावळीपर्यंत थांबतो."

दीपावळीला पाच महिने होते.

त्या पाच महिन्यांत मी पंचनद रावांना बसून जेवताना पाहिलं नाही. एका हाताने दहीभात, दुसऱ्या हाताने नळी हलवणं. आमच्या सर्जनना त्यांनी पटवलं होतं: हर्नियाचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन असेल तेव्हा रोग्याला विचारून त्याच्या कातडीखालच्या चरबीचा सुपारीएवढा तुकडा द्यायचा. रोगी हसून देत. "घ्या सामी, माझ्याकडे पुष्कळ आहे," असं एका बाईने सांगितल्याचं राव फार कौतुकाने सांगत. तुकडा हाती आला की शिळा होऊ द्यायचा नाही, हा नेम. त्याच दिवशी तो बर्फात कुटायचा, गरगर फिरवायचा. तेल वर तरंगे, कातड्या खाली बसत. त्या कातड्यांतली चरबी काढून तिचे दोन भाग करायचे. एक भाग काळ्या बाटलीत फ्रिजमध्ये, लसींच्या शेजारी. दुसरा भाग काचेवर. काचेवर तो द्रावणाबरोबर वर चढे आणि जातीजातीचे पट्टे पडत. हवा तो पट्टा पात्याने खरवडून नळीत टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी चांदीचा क्षार घातलेल्या नव्या काचेवर पुन्हा चढवायचा. तुपाच्या जातीची चरबी वर जाई, तेलाच्या जातीची खाली राही. आम्ल फवारून काच तापवली की काळे ठिपके उमटत.

खरवडताना पुडीचे शेवटचे चार कण काचेला चिकटून राहत. ते राव करंगळीने हलकेच नळीत लोटत. पानावरचं शेवटचं शीत बोटाने टिपून खाणारी माणसं आम्ही. ती सवय हातात होती. "माणसानें पोटांतून काढून दिलंय, बाई. टाकायचं कसं?" प्रत्येक वेळी त्याआधी हात साबणाने धुवायचे. रबरी हातमोजे ऑपरेशनसाठीच पुरत नव्हते, ते मी त्यांना देऊ शकत नव्हते. त्यांनी मागितलेही नाहीत.

आपल्या मनाची खोटी ओढ कामात उतरू नये म्हणून त्यांनी आणखी एक बंदोबस्त केला. तुकडा कोणाचा, थोर की कृश, हे त्यांना कळता कामा नये. सर्जनकडून डबी मी घ्यायची, मी नंबर घालायचा, आणि नंबर कोणाचा त्याची यादी माझ्या कपाटात.

"मी रडलों तरी सांगायचं नाहीं," त्यांनी बजावलं.

"तुम्ही रडा तर खरं, राव. मग बघू."

गोदाक्काने तर हट्टच धरला. "सगळ्या गांवाचं घेतोस, माझं नको काय?" सर्जनने तिच्या पोटाची एवढीशी जागा बधिर करून तुकडा काढून दिला. मी नंबर घातला. बावीस नळ्यांतली तिची कुठली, हे फक्त मला ठाऊक होतं.

दीपावळीच्या दोन आठवडे आधी मोठ्या डॉक्टरांसमोर यादी उघडली. टेबलावर काचा ओळीने मांडल्या होत्या. ज्यांत खालचा, मऊ चरबीचा ठिपका ठळक, त्या काचा रावांनी एका बाजूला काढल्या होत्या, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. मी नंबर वाचत गेले. थोर. थोर. थोर. दुसरी बाजू: कृश. कृश. दोनच अपवाद निघाले. एक देवळातला थोर स्वयंपाकी कृशांत गेला होता, आणि एक कृश बाई थोरांत.

मोठ्या डॉक्टरांनी एकेक काच उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाले, "दोन अपवाद कुठेही असतात. राव, उपास राहू द्या. पुन्हा विचार करू."

राव बाहेर येऊन नळाखाली हात धरून उभे राहिले. बारावी वेळ. नळ चालू करायला विसरले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी गोदाक्काला काय सांगितलं ते तिनेच मला नंतर सांगितलं. "म्हणाला, अक्का, तूं चोरून खात नव्हतीस. आतां मला ठाऊक आहे." आणि ती म्हणाली होती, "मग मलाही आतां ठाऊक झालं रे."

एवढ्यावर हा लेख थांबवता आला असता.

टंकलेखनासाठी ती यादी स्वच्छ उतरून द्यायचं काम माझं होतं. कुठलीही यादी उतरताना मी तारखेशेजारी वार लिहिते. बर्फाची गाडी, कपड्यांची धुलाई, सगळं वारावर चालतं, म्हणून ही माझी सवय. लिहिता लिहिता माझा हात थांबला. थोर नळ्या: शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार. कृश नळ्या: सोमवार, सोमवार. यात नवल नव्हतं. बायकांची ऑपरेशनं शुक्रवारी होत, पुरुषांची सोमवारी, आणि थोर रोगी बहुतेक बायकाच होत्या. पण मी ते दोन अपवाद बघितले. थोर स्वयंपाकी पुरुष. त्याचा वार सोमवार. कृश बाई, तिचा वार शुक्रवार.

म्हणजे अपवाद एकही नव्हता. काचा थोर-कृश सांगत नव्हत्या. वार सांगत होत्या.

शुक्रवारी त्या खोलीत असं काय होतं जे सोमवारी नव्हतं? मी बाटल्या तपासल्या, साबण तपासला, बर्फ तपासला. पुढच्या शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या बसने तिरुवैयारूला गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. शुक्रवारी सकाळी माणूस घरून काय घेऊन निघतो, एवढंच बघायचं होतं.

दार उघडंच होतं. गोदाक्का आत पाटावर बसली होती, पाय लांब करून. समोर पंचनद राव जमिनीवर उकिडवे, बाह्या वर, आणि शेजारी कोमट नल्लेण्णैची वाटी. तिळाचं तेल. शुक्रवारचं बायकांचं तेल-स्नान. तिचे हात आता गुडघ्याखाली पोचत नव्हते, पाय सुजून दगडासारखे झाले होते, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. ते तळव्यापासून गुडघ्यापर्यंत तेल चोळत होते, बोटांच्या बेचक्यांतून, टाचांच्या भेगांतून, करंगळीने.

"रुक्मिणीबाई? इतक्या सकाळीं?"

मी यादी पुढे केली. त्यांनी तेलकट हात न लावता, माझ्याच हातात ती वाचली. एकदा वरून खाली. मग त्यांची नजर 'वार' या रकान्यावरून हलली नाही. मग ते आपल्या हातांकडे बघू लागले.

किती साबण लावला तरी नखांच्या कडेला, करंगळीच्या रेषांत तेल राहतं. हे मला, रोज भांडी घासणाऱ्या बाईला, ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. त्यांनी फक्त त्या पायांचा आणि त्या काचांचा संबंध कधी जोडला नव्हता.

"काय झालं रे?" गोदाक्काने विचारलं.

"काहीं नाहीं, अक्का. दुसरा पाय दे."

आणि त्यांनी दुसरा पाय पूर्ण चोळला. घाई न करता. मी दारात उभी होते.

बसमध्ये मी त्यांना म्हणाले, "मी ही यादी फाडते. वाराचा रकाना कोणी मागितलेला नाही."

"फाडून वार बदलतो होय?"

"राव, तिला उपासाला ठेवतील."

"ठाऊक आहे." खिडकीबाहेर कावेरी भरून चालली होती. "आयुष्यभर तिला सगळ्यांनीं खोटी म्हटलं. आतां तिच्यासाठीं मीही खोटं बोललों, तर तिची बाजू घेणारा तोही खोटाच निघाला, असं होईल कीं. मग तिचं खरं कोण सांगणार?"

इस्पितळात पोचल्यावर त्यांनी हात नेहमीसारखेच साबणाने स्वच्छ धुतले, करंगळी द्रावणात बुडवली आणि ते द्रावण काचेवर चढवलं. खालचा ठिपका ठळक, गोल, सुंदर उमटला. ती काच घेऊन ते मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मी त्यांच्या मागे होते.

"मला आणखी सहा महिने द्या," ते म्हणाले. "दुसरा भाग फ्रिजमध्यें आहे. तो स्वच्छ आहे. पुन्हा करतों."

मोठे डॉक्टर उठून त्यांच्यापाशी आले. "तुम्ही स्वतः सांगायला आलात, याबद्दल मला फार आदर आहे, राव. पण थांबायचं कारण तुम्हीच माझ्याकडून काढून घेतलंत. आणि तुमची अक्का मला रोज निरोप पाठवते आहे."

ते खरं होतं; नवऱ्याचं पत्र अजून देवघरातच होतं. त्या संध्याकाळी रावांनी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "म्हणजे अजून ठाऊक नाहीं," एवढंच म्हणाली. "मग उपास करून बघूं दे. एकदां तरी ठरूं दे रे."

कार्तिकात तिला दाखल केलं. खाट दोन जोडून केली होती. राव सकाळच्या तपासण्या उरकून तिच्याजवळ बसत आणि दर तासाला नाडी लिहीत. पहिल्या शुक्रवारी ते वाटी घेऊन आले. नर्सने दारातच अडवलं. कातडीतून अंगात जाईल, मोजमाप बिघडेल, तेल चालायचं नाही. राव तिच्याकडे असे बघत राहिले, की ती बिचारी नर्स घाबरली. कातडीचं मोजमाप तेलाने बिघडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? ते वाटी घेऊन परत गेले.

"पंचू, आज शुक्रवार ना?" गोदाक्का दुसऱ्या आठवड्यात विचारायची. तिसऱ्यात वार विचारणं थांबलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी, त्यांच्या बोटांखालीच, नाडी चुकली आणि परत आली नाही. तक्त्यावर वजन पुष्कळ उतरलेलं होतं. त्या दिवशीचाही आकडा कोणीतरी नियमाने लिहिला. ओरत्तनाडूहून नवरा आला, बघून म्हणाला, "एवढी कमी झाली होती?"

पुढचं थोडक्यात सांगते. ती खोली वर्षभरात क्ष-किरणाच्या यंत्रासाठी घेतली गेली. पंचनद राव ओरत्तनाडूच्या बाजूला एका शाळेत शिकवायला गेले. त्याच गावी का गेले, ते मी विचारलं नाही. फ्रिजमधल्या दुसऱ्या भागाचं काम त्यांनी त्याआधी पुरं केलं होतं. काही थोर नळ्यांत फरक उरला, काहींत नाही. "एवढ्यावरून कांहीं म्हणतां येत नाहीं," असं त्यांनी शेवटच्या पानावर लिहिलं आणि खाली सही केली. थोर माणसाच्या पेशीची कातडी बदलते की नाही, हे आज कोणी शोधून काढलं असेल तर मला ठाऊक नाही. मी विचारायची थांबले आहे. ती यादी, वाराच्या रकान्यासकट, माझ्या कपाटात आहे.

पण माझ्यापाशी ते राहिले आहेत ते असे.

गोदाक्काचं तेरावं झाल्यावरचा पहिला कामाचा दिवस. मी स्टोअर उघडत होते. ते दारात येऊन उभे राहिले, डोकं तासलेलं, शर्ट आणखी सैल. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे पसरले, तळवे वर, मूल शाळेत दाखवतं तसे. बोटांची टोकं कोरडी, पांढरी, फुटलेली होती.

"आज शुक्रवार आहे, रुक्मिणीबाई," ते म्हणाले. "हात कोरडे आहेत. बाटल्या काढा."

मी फ्रिजमधून बाटल्यांची पेटी आणली; यादी उघडल्यावर त्यांवर मी नवे नंबर घातले होते. त्यांनी न बघता एक उचलली. ती गोदाक्काची होती. रडलों तरी सांगायचं नाही, असं ठरलेलं होतं. संध्याकाळपर्यंत पट्टा चढला. त्यांनी पात्याने तो खरवडला. शेवटचे चार कण काचेला चिकटून राहिले, तशी त्यांची करंगळी सवयीने पुढे झाली आणि काचेपासून केसभर अंतरावर थांबली.

कितीतरी वेळ ती तशीच होती. मग त्यांनी दुसऱ्या हाताने ब्रश उचलला.